शेवटच्या रुपयाचा हिशेब

मुंगसें किंवा उमराणें येथील कांदा-बाजारांतून रिकामा ट्रॅक्टर घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्यास वाटेंत कोणी "काय भाव मिळाला?" असें विचारलें, तर तो लगेच सांगतो. परंतु दोन महिन्यांनीं त्याच गृहस्थास "त्या पैशाचें काय झालें?" असें विचारलें, तर त्यास चटकन् सांगतां येत नाहीं. कांहीं दुकानदारास गेले, कांहीं लग्नांत गेले, कांहीं घरांत खर्च झाले, असें मोघम उत्तर मिळतें. भाव आपल्या हातांत नाहीं. त्याची चर्चा आपण वर्षभर करितों. खर्च पुष्कळसा आपल्या हातांत आहे. त्याची चर्चा मात्र आपण करीत नाहीं. म्हणून या लेखांत, हातीं आलेला मर्यादित पैसा निरनिराळ्या गरजांत कसा वांटावा म्हणजे त्यापासून अधिकांत अधिक समाधान मिळेल, या विषयाचा थोडा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें आहे. अर्थशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. फेरफार लिहितांना व सातबाऱ्यावर बोजा चढवितांना आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसली. वाईट वर्षीं कर्ज होतें, हें कोणासही समजेल. परंतु चांगलें पीक येऊन, चांगला भाव मिळून, त्यानंतर चार महिन्यांत बोजा चढला, अशींही उदाहरणें आम्हीं पाहिलीं. तेथें पैसा कमी नव्हता; पैशाचा क्रम चुकला होता. हा क्रम कसा लावावा, याचें एक शास्त्र आहे, आणि तें शेतकऱ्यास समजण्यास मुळींच कठीण नाहीं. कारण तो तें शेतांत रोज वापरतो.

उपयोगितेची शीव

कांद्याच्या रोपास लागवडीचें पाणी मिळालें नाहीं तर रोप जगतच नाहीं. म्हणून त्या पाण्याची किंमत आपण जिवाइतकी समजतों. पुढील पाण्यांनीं कांदा पोसतो; त्यांचीही किंमत मोठी आहे, पण पहिल्याइतकी नाहीं. आणि काढणीच्या तोंडावर दिलेलें पाणी तर नुकसानच करितें. तो कांदा चाळींत टिकत नाहीं. पाणी तेंच, विहीर तीच. परंतु पहिल्या पाण्याचा उपयोग व शेवटच्या पाण्याचा उपयोग यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. युरियाच्या गोणीचेंही असेंच. पहिल्या गोणीनें पीक हिरवें होतें, दुसरीनें थोडें अधिक, आणि तिसरीनें पात माजते व कांदा पोसत नाहीं.

घरांतल्या वस्तूंस हाच नियम लागू आहे. भुकेल्या माणसास पहिली भाकरी अमृतासारखी लागते. दुसरीनें पोट भरतें. चौथी ताटांत पडून राहते. एखादी वस्तु जों जों अधिक मिळत जाते, तों तों तिच्या पुढील भागापासून मिळणारें समाधान कमी कमी होत जातें. यास शास्त्रांत "घटत्या उपयोगितेचा नियम" असें म्हणतात. आणि वस्तूचा जो अगदीं शेवटचा भाग आपण घेतों, त्यापासून मिळणाऱ्या समाधानास "सीमांत उपयोगिता" असें नांव आहे. हा शब्द कठीण वाटला तरी आपल्या ओळखीचाच आहे. सीमा म्हणजे शीव. शेताच्या शीवेवरची शेवटची सरी जशी, तसा हा शेवटचा भाग. मोजणी करणारा शेताच्या मध्यभागीं उभा राहत नाहीं, तो शीवेवर जातो. कारण शेत कोठें संपतें हें तेथेंच कळतें. खर्चाचेंही मोजमाप शीवेवरच करावयाचें असतें. "डाळ अधिक मोलाची कीं कापड?" हा प्रश्न निरर्थक आहे. "आज हातांत असलेले पुढचे शंभर रुपये डाळीस लावले तर अधिक उपयोग होईल कीं कापडास?" हा खरा प्रश्न होय.

हा विचार प्रथम सुसंगतपणें मांडणारा गृहस्थ आमच्याच जातकुळीचा, म्हणजे सरकारी नोकर होता, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. जर्मनीच्या प्रशिया राज्यांत हेर्मान हाइन्रिख गोसेन या नांवाचा एक अधिकारी होता. १८४७ मध्यें त्यानें नोकरी सोडली व १८५४ मध्यें या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ कोणीं विकत घेतला नाहीं. तेव्हां निराश होऊन त्यानें उरलेल्या प्रती परत मागविल्या, आणि १८५८ मध्यें तो वारला. पुढें १८७१ मध्यें इंग्लंडांत जेव्हन्स व ऑस्ट्रियांत मेंगर, आणि १८७४ मध्यें स्वित्झर्लंडांत वॉलरा, यांनीं स्वतंत्रपणें याच दिशेचे विचार मांडले. नंतर जेव्हन्स याच्या पाहण्यांत गोसेनचें पुस्तक आलें, आणि आपल्या आधीं हें काम झालें आहे, असें त्यानें मोकळ्या मनानें कबूल केलें. महाराष्ट्रांतही द्रव्याचा विचार त्याच सुमारास मराठींत येऊं लागला होता. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचा "लक्ष्मीज्ञान" हा ग्रंथ १८४९ चा आहे.

बाजारांतील सहाशें रुपये

आतां हा नियम वांटणीस कसा लावावयाचा, तें एका लहान उदाहरणानें पाहूं. एका गृहिणीपाशीं आठवड्याच्या बाजारास ६०० रुपये आहेत. तिला तीन प्रकारच्या वस्तु घ्यावयाच्या आहेत : डाळ-तेल, दूध-भाजी, व मुलांसाठीं फरसाण-मिठाई. प्रत्येकावर शंभर-शंभर रुपयांनीं खर्च वाढवीत गेल्यास मिळणाऱ्या समाधानास तिनें मनाशीं गुण दिले, असें समजूं. ते येणेंप्रमाणें :

डाळ-तेल : पहिल्या शंभरास १०, दुसऱ्यास ८, तिसऱ्यास ६, चौथ्यास ४.

दूध-भाजी : पहिल्या शंभरास ९, दुसऱ्यास ६, तिसऱ्यास ४, चौथ्यास २.

फरसाण-मिठाई : पहिल्या शंभरास ६, दुसऱ्यास ३, तिसऱ्यास १, चौथ्यास शून्य.

पहिले शंभर अर्थातच डाळ-तेलास जातील, कारण तेथें १० गुण आहेत. दुसरे शंभर दूध-भाजीस, ९ गुणांसाठीं. तिसरे पुन्हां डाळ-तेलास, ८ गुणांसाठीं. यापुढें तिन्हीं ठिकाणीं ६ गुण दिसतात. उरलेले तीनशें रुपये प्रत्येकीं शंभर याप्रमाणें तिन्हींकडे जातील. म्हणजे डाळ-तेलास ३००, दूध-भाजीस २००, व फरसाणास १०० अशी वांटणी झाली, आणि एकंदर गुण ४५ झाले.

दुसऱ्या एका गृहस्थानें "सर्वांस सारखें" या न्यायानें दोनदोनशें रुपये वांटले. त्याचे गुण ४२ होतात. तिसरा गृहस्थ मुलांच्या हट्टास बळी पडला. त्यानें फरसाणावर ३०० उडविले, डाळ-तेलास २०० दिले व दूध-भाजीस १०० उरले. त्याचे गुण ३७ च होतात. तिघांनींही सहाशेंच रुपये खर्च केले. कोणी उधळ्या नाहीं, कोणी कंजूष नाहीं. तरी पहिलीच्या घरीं समाधान अधिक आलें. तिसऱ्यानें गमावलेले ८ गुण म्हणजे डाळ-तेलाच्या पुऱ्या दुसऱ्या शंभराइतकें समाधान होय. तें त्यानें बाजारांत सांडून ठेवलें, आणि त्यास तें कळलेंही नाहीं.

पहिलीच्या वांटणींत एक खूण आहे, ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्या तिन्हीं वस्तूंवरील शेवटच्या शंभरास सारखेच, म्हणजे ६ गुण मिळाले. जोंपर्यंत एका ठिकाणच्या शेवटच्या रुपयाचा उपयोग दुसऱ्या ठिकाणच्यापेक्षां कमी आहे, तोंपर्यंत रुपया तेथून उचलून इकडे ठेवण्यांत फायदा असतो. सर्व ठिकाणीं शेवटच्या रुपयाचा उपयोग सारखा झाला कीं हलविण्याजोगें कांहीं उरत नाहीं. यासच "समसीमांत उपयोगितेचा नियम" म्हणतात. उतारावरच्या वाफ्यांत पाणी जसें उंचावरून सखल भागाकडे वाहत जाऊन शेवटीं सर्वत्र एका पातळीस येतें, तसाच हा प्रकार आहे.

किंमती निरनिराळ्या असतील तर उपयोगास किंमतीनें भागावें. चारशें रुपयांचें कापड १२ गुण देतें व शंभराची भाजी ४ गुण देते. वरवर पाहतां कापड तिप्पट उपयोगी दिसतें. परंतु शंभरामागें पाहिलें तर कापडाचे ३ गुण व भाजीचे ४ आहेत. अर्थात् भाजी आधीं घ्यावी. "वस्तु चांगली आहे" एवढ्यावरून ती घ्यावी असें ठरत नाहीं. त्या पैशांत दुसरें काय आलें असतें, हें पाहावें लागतें.

कांदा आणि गृहिणी

हा नियम नुसता आपल्या खर्चास नव्हे, तर आपल्या उत्पन्नासही लागू आहे. कारण आपला कांदा विकत घेणारी दूरच्या शहरांतली गृहिणीही हाच हिशेब करीत असते. तिला आठवड्यास एक-दोन किलो कांदा लागतो. पहिल्या किलोवांचून तिची फोडणीच होत नाहीं. म्हणून भाव २० वरून ४० वर गेला तरी ती तो सोडीत नाहीं, दुसऱ्या जिनसांतून पैसे काढून घेते. परंतु दोन किलो झाल्यावर तिसऱ्याचा उपयोग तिला जवळजवळ शून्य आहे. भाव ५ रुपये झाला तरी ती चार किलो नेत नाहीं. कांद्याची उपयोगिता अशी आरंभीं उंच कड्यासारखी असून पुढें एकदम उतरते. म्हणूनच आवक थोडी कमी झाली कीं भाव भडकतो, आणि थोडी वाढली कीं कोसळतो. हा नियम व्यापाऱ्यानें केलेला नाहीं आणि आपण रागावल्यानें तो बदलणारही नाहीं.

देशांतली ही गरज भरल्यावर उरलेला कांदा बाहेर जाण्याची वाट जितकी मोकळी, तितका हा उतार सौम्य होतो. ती वाट अडली कीं काय होतें, हें आपण पाहिलेंच आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. ८ डिसेंबर २०२३ पासून बंदी झाली, ती ४ मे २०२४ रोजीं उठली. सप्टेंबर २०२४ मध्यें शुल्क २० टक्क्यांवर आलें, व १ एप्रिल २०२५ पासून तें काढण्यांत आलें. शहरांतील ग्राहकाचा खर्च व शेतकऱ्याचें उत्पन्न यांचा हा तंटा आहे, आणि त्याविषयीं वेगळें लिहितां येईल. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, ज्याचें उत्पन्न असें चढउताराचें आहे, त्यास खर्चाची वांटणी नोकरदारापेक्षां अधिक काळजीनें करणें भाग आहे.

ग्राहकाच्या खर्चाविषयीं आणखी एक गोष्ट शेतकऱ्यानें जाणून ठेवावी. १८५७ मध्यें एंगेल नांवाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, कुटुंबाचें उत्पन्न जसजसें वाढतें, तसतसा त्यांतील अन्नावर खर्च होणारा हिस्सा कमी होत जातो. आपल्या देशांतही तसेंच घडत आहे. सरकारी पाहणीप्रमाणें १९९९-२००० मध्यें ग्रामीण भागांत कुटुंबखर्चाच्या शंभर रुपयांपैकीं सुमारें ५९ रुपये अन्नावर जात. २०२३-२४ मध्यें सुमारें ४७ गेले. तृणधान्यावर तेव्हां २२ रुपये जात, तेथें आतां सुमारें ५ जातात. स्वस्त व मोफत शिधा-धान्याचाही यांत वांटा आहे. परंतु मुख्य कारण तेंच : धान्याची पहिली गरज भागली कीं पुढचा रुपया दूध, फळें, औषध, प्रवास, शिक्षण व मोबाईल यांजकडे वळतो. जो केवळ धान्य पिकवितो त्याच्या मालाकडे लोकांचा वाढता पैसा वळत नाहीं. कसमादे भागांत बाजरीच्या जोडीस डाळिंब व भाजीपाला कां आला, याचें एक कारण येथें सांपडतें.

वर्षाची वांटणी

आतांपर्यंत आम्हीं वस्तूंमधील वांटणी सांगितली. परंतु शेतकऱ्याच्या संसारांत महिन्यांमधील वांटणी अधिक कठीण आहे. मालेगांव शहरांत यंत्रमागावर काम करणाऱ्या मजुरास आठवड्याची मजुरी मिळते. शुक्रवारीं माग बंद असतात. त्या दिवशीं तो बाजार करितो. या आठवड्यांत चूक झाली तर पुढच्या आठवड्यांत ती सुधारतां येते. वर्षांतून बावन्न वेळां त्यास हा धडा गिरवावयास मिळतो. शेतकऱ्यास तो वर्षांतून एकदां, फार तर दोनदां मिळतो, आणि चूक सुधारण्यास पुढच्या हंगामापर्यंत थांबावें लागतें. यांत शेतकऱ्याची बुद्धि कमी आहे असें नाहीं. त्याची परीक्षाच कठीण आहे.

उन्हाळ कांद्याचा पैसा हातीं येतो तो लग्नसराईच्या ऐन भरांत. त्यानंतर लगेच मृग लागतो व बियाणें, खत, मजुरी यांची गरज उभी राहते. पाठोपाठ शाळा-महाविद्यालयाची फी येते. वैशाखांत घर पैशानें भरलेलें असतां खर्चिलेल्या शेवटच्या हजाराचा उपयोग थोडा असतो. आषाढांत तोच हजार सोन्याच्या मोलाचा होतो. तो वैशाखांतून उचलून आषाढांत ठेवणें, हीच समसीमांत वांटणी. परंतु वैशाखांत आषाढ दिसत नाहीं, हें मनुष्यस्वभावाचें वैगुण्य आहे.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमची स्वतःची चूक सांगणें योग्य होईल. सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचे बंधू शेती पाहत व आम्ही नोकरींत होतों. त्या वर्षीं कांद्याचे २ लक्ष १० हजार रुपये आले. शेजाऱ्यानें घरावर स्लॅब टाकला होता. आमच्याही मनानें तेंच घेतलें. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, स्लॅब पुढच्या वर्षीं टाकला तर भिंती पळून जाणार आहेत का? पोरीच्या फॉर्मची तारीख मात्र निघून जाईल." आम्ही म्हणालों, "तोंवर काहींतरी होईल." आम्ही कार्यालयांत दिवसभर आंकडे लिहीत होतों, परंतु घरच्या आंकड्याकडे पाहण्याची आम्हांस सवड झाली नाहीं.

स्लॅबनें अंदाजापेक्षां अधिक पैसे खाल्ले, तसे तो नेहमींच खातो. आषाढ उजाडला तेव्हां बंधूंपाशीं बियाण्यास पैसे नव्हते. ४० हजार रुपये शेकडा तीन दराच्या व्याजानें आठ महिन्यांसाठीं उचलावे लागले. आमच्या पगारांतून पतसंस्थेचा हप्ता आधींच कापला जात होता. मुलीस परिचारिकेच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळण्याजोगे गुण होते, परंतु ठरलेल्या दिवशीं ९ हजार रुपये फी आमच्यापाशीं निघाली नाहीं. ती म्हणाली, "असूं द्या बाबा, पुढच्या वर्षीं भरूं." तिनें तक्रार केली नाहीं, म्हणून तें अधिक लागलें. होळीच्या सुमारास आम्हीं त्या कर्जाचा हिशेब केला, तेव्हां व्याजाचेच ९ हजार ६०० रुपये झाले होते. जी फी आम्ही भरूं शकलों नाहीं, तिच्याहून सहाशें रुपये अधिक आम्हीं व्याजापायीं भरले.

मुलगी पुढच्या वर्षीं शिकावयास गेली व आज ती रुग्णालयांत परिचारिका आहे. परंतु आम्ही नोकरी केलेले लोक. ज्येष्ठतेच्या यादींतलें एक वर्ष म्हणजे काय, तें आम्हांस ठाऊक आहे. तिच्या बरोबरीच्या मुली तिच्या एक वर्ष पुढें आहेत, आणि त्या सेवा संपेपर्यंत पुढें राहतील. स्लॅब अजून आहे. तो पुढच्या वर्षींही तितकाच झाला असता.

या गोष्टींतून तीन मुद्दे निघतात. पहिला असा कीं, कांहीं वस्तु थांबूं शकतात व कांहीं थांबूं शकत नाहींत. बियाणें, फी, आजाऱ्याचें औषध यांस तारीख असते. तारीख गेल्यावर तोच रुपया त्या कामीं निरुपयोगी होतो. दुसरा असा कीं, घर, लग्न, मोटारसायकल या वस्तु शंभर-शंभरानें घेतां येत नाहींत. त्या एकदम घ्याव्या लागतात, म्हणून त्यांच्या शेवटच्या रुपयाचा उपयोग आपल्या दृष्टीस पडत नाहीं. तरीही त्यांचे भाग पाडतां येतात. लग्न करावें कीं नाहीं हा प्रश्न नसून, पांचशें पानांनंतरचीं पुढचीं दोनशें पानें उठवावीं काय, हा प्रश्न आहे. तिसरा असा कीं, कर्जानें घेतलेल्या वस्तूची खरी किंमत दुकानांतल्या किंमतीहून अधिक असते. शेकडा दोन दरानें वर्षभर वापरलेले १० हजार रुपये म्हणजे १२ हजार ४०० रुपये होत. वस्तु १२ हजार ४०० रुपयांच्या मोलाची वाटत असेल तरच ती कर्जानें घ्यावी. उलट, वेळेवर फेड केल्यानें ज्यावरील व्याजांत सवलत मिळते, तें पीककर्ज मुदतींत फेडण्यास लावलेला रुपया हा बहुधा घरांतला सर्वांत उपयोगी रुपया असतो.

या शास्त्राची मर्यादा

कोणी म्हणेल, समाधानास गुण देतां येतात काय? तें काय दुधासारखें मापानें मोजावयाचें आहे? आक्षेप खरा आहे. १९३४ मध्यें हिक्स व ॲलन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, गुण देण्याची गरजच नाहीं. यापेक्षां तें मला अधिक आवडतें किंवा दोन्हीं सारखींच, एवढा क्रम मनुष्यास लावतां आला म्हणजे हाच निष्कर्ष निघतो. आम्हीं गुण दिले ते केवळ समजण्याच्या सोयीसाठीं. आमच्या यादींतले गुण वाचकाच्या घरीं लागू पडणार नाहींत. ज्याच्या घरीं दुभतें आहे, त्यास विकतच्या दुधाचा उपयोग थोडाच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व त्याकडे पुस्तकें पुष्कळदां दुर्लक्ष करितात. शास्त्र म्हणतें, ग्राहकाचें समाधान. परंतु घर हा एक ग्राहक नव्हे. त्यांत आजोबा आहेत, लहान मूल आहे, आणि सर्वांचें जेवण झाल्यावर उरलेल्या भाकरीवर बसणारी बाई आहे. बिडी-तंबाखूवरचा रुपया कर्त्या पुरुषाच्या मतें दहा गुणांचा असेल. त्याच रुपयाचें दूध ज्याच्या पोटांत जावयाचें, त्या मुलास मत विचारलेलें नसतें. म्हणून घरांतील वांटणी एकट्यानें ठरविली तर ती एकट्याच्याच समाधानाची होते. जुलै २०२४ पासून राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेनें दरमहा १५०० रुपये बायकांच्या खात्यांत जमा होऊं लागले. त्या योजनेच्या गुणदोषांचा वाद येथें नको. परंतु पैसा कोणाच्या हातीं येतो यावरून तो कशावर खर्च होतो हें बदलतें, ही गोष्ट ज्यानें त्यानें आपल्या घरांत पाहून घ्यावी.

तिसरी मर्यादा अशी कीं, मनुष्य शेजाऱ्याकडे पाहून खर्च करितो. आमच्या स्लॅबचें समाधान अर्धें छपराचें होतें व अर्धें शेजाऱ्याच्या बरोबरीचें. बरोबरीचें समाधान लबाड असतें. दुसऱ्या शेजाऱ्यानें वर मजला चढविला कीं तें नाहींसें होतें, आणि कर्ज मात्र राहतें.

आपण काय करावें

आमच्या अल्प अनुभवावरून चार सूचना कराव्याशा वाटतात.

एक, कांदा बाजारांत नेण्यापूर्वींच घरांत बसून यादी करावी. पैसा हातीं आल्यावर केलेली यादी ही यादी नसून मोह असतो. यादी करतांना घरांतील बायकांस व समजत्या मुलांस बरोबर घ्यावें. तारखा त्यांच्या ध्यानांत असतात.

दोन, यादींतील प्रत्येक बाबीपुढें तारीख लिहावी. ज्यास तारीख आहे तें वर, ज्यास नाहीं तें खालीं. पीककर्जाची फेड, बियाणें, खत, फी व औषध यांचा पैसा प्रथम वेगळा काढून दुसऱ्या खात्यांत ठेवावा. उरलेल्यांतून घरखर्चाचे महिनेवार भाग पाडावे. त्यानंतर जें उरेल, तेवढ्यांतच मोठ्या वस्तूंचा विचार करावा. कांदा चाळींत ठेवण्याजोगा असेल तर तो दोन-तीन वेळां विकावा. भावाचा धोका त्यांत आहेच, परंतु सर्व पैसा एकाच महिन्यांत उडून जाण्याचा धोका त्यानें कमी होतो.

तीन, कोणत्याही मोठ्या खर्चाच्या शेवटच्या दहाव्या भागाकडे पाहावें. लग्न दोन लक्षांचें ठरलें असेल तर शेवटच्या वीस हजारांनीं काय वाढलें, तें स्वतःस विचारावें. बहुधा तेथेंच आषाढाचें बियाणें सांपडतें.

चार, दिवाळीच्या पाडव्यास जुनी यादी काढून वाचावी. कोणत्या रुपयाचा उपयोग झाला व कोणत्याचा पश्चात्ताप झाला, हें त्यापुढें खूण करून ठेवावें. शेतकऱ्यास वर्षांतून एकदांच धडा मिळतो, तेव्हां तो लिहून ठेवणें अगत्याचें आहे.

काटकसर म्हणजे पोटास चिमटा घेणें, असा पुष्कळांचा समज आहे. आम्हीं येथें सांगितलें त्यांत खर्च एक रुपयानेंही कमी केलेला नाहीं. उदाहरणांतल्या त्या गृहिणीनें सहाशेंच रुपये खर्चिले, आणि मुलांस फरसाणही दिलें. फक्त त्याचे दुसरे व तिसरे शंभर तिनें डाळीकडे व दुधाकडे वळविले. पाऊस, भाव व सरकारचा हुकूम यांवर आपली सत्ता नाहीं. हातीं आलेल्या रुपयास कोणत्या वाफ्यांत सोडावयाचें, एवढें दारें धरण्याचें काम मात्र आपलें आहे. तें आमच्या बांधवांनीं आमच्यापेक्षां अधिक सावधपणें करावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.